एकशेचौदाचं हिरवं पाणी

१२ ऑक्टोबर

आज एकशेचौदा चालली. चालली म्हणजे शेडच्या दारातून बाहेर आली, उन्हात जरा उभी राहिली, काळा धूर ओकली आणि पुन्हा आत गेली. एवढ्यासाठी आयनारनं अख्खा उन्हाळा ह्या जुन्या रेल्वे इंजिनाच्या पोटात घालवला. मी म्हटलं, "आमची म्हातारी मांजर रोज एवढंच करते, आणि तिला डिझेल लागत नाही."

आयनार हसला नाही. तो रेल्वेच्या कारखान्यात डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. त्याला केलेली चेष्टा कळते, पण दुसऱ्या दिवशी.

एकशेचौदा 'प्लोव्हर' गाडी ओढायची, आमच्या आयोवातून थेट शिकागोपर्यंत. मागं चांदीसारखे डबे, पुढं हिचं लांब गुळगुळीत नाक. लोक हातातलं काम टाकून कुंपणाशी येऊन उभे राहायचे. मग माणसं विमानानं जायला लागली, गाडी बंद झाली आणि हिच्या सगळ्या बहिणी भंगारवाल्यानं कापून नेल्या. ही एकटी दोन डब्यांसकट वाचली, कारण कंपनी तिला आमच्या गावच्या शेडमध्ये ठेवून विसरून गेली. माझा नवरा आक्सेल हिच्यावर ड्रायव्हर होता. तो गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. मला ह्या लोखंडाशी काही देणंघेणं नाही. मी फक्त कॉफी करते.

आम्ही चौघं. आयनार दुरुस्ती करतो. लुडविग पोस्टमन होता, तो रंग बघतो. हिचा मूळचा पिवळा लोण्यासारखा की मक्यासारखा, ह्यावर तो वर्षभर भांडू शकतो. भांडलाय. चौथा व्हर्नर. त्याची मक्याची शेती, डुकरं. बायको गेल्यापासून एकटाच असतो. इंजिनातलं त्याला ओ की ठो कळत नाही. का येतो कुणास ठाऊक. माझ्या एबलस्किव्हर नावाच्या डॅनिश गोड गोळ्यांसाठी, दुसरं काय. तव्यावर गोळे विणायच्या सुईनं फिरवायला घेतले की हा समोर उभा. खातो आणि जातो. बोलणं नाही.

२ नोव्हेंबर

पहिल्यांदाच दव गोठलं. आयनारनं एकशेचौदाचं सगळं पाणी सोडून दिलं. दुपारभर शेडमागून ओहोळ वाहत होता.

मी विचारलं, "ट्रॅक्टरमध्ये घालतात ते हिरवं औषध का नाही घालत? थंडीत पाणी गोठत नाही त्यानं."

"ही ट्रॅक्टर नाही."

"ते दिसतंय मला."

"हिचं पाणी कुठं ना कुठं तेलात झिरपतंच. साधं पाणी झिरपलं तर तिला सोसतं. ते औषध झिरपलं तर बेअरिंगं खलास. म्हणून रेल्वेच्या इंजिनाला थंडीत दोनच गोष्टी. एक तर चालू ठेवायचं, नाहीतर रिकामं ठेवायचं."

"नवऱ्यांचंही तसंच," मी म्हटलं. लुडविग हसला. त्याला कमी ऐकू येतं, पण मी तोंड मिटलं की हसायचं एवढं त्याला माहीत आहे.

व्हर्नर नव्हता. त्याची मक्याची काढणी चाललीय.

९ नोव्हेंबर

व्हर्नर आला. काढणी संपली म्हणाला. आयनार लेकीकडे ओमाहाला गेलाय, लुडविगला सर्दी. दोघांसाठी काय तवा तापवायचा, म्हणून कॉफी घेऊन वर इंजिनातच बसलो. मी ड्रायव्हरच्या खुर्चीत, तो समोर.

मग आतून चक्कर मारली. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी रिकामी होती. व्हर्नर तिच्याकडे बघत राहिला.

"कोरडी आहे," तो म्हणाला.

मला लहर आली. म्हटलं, "असणारच. आयनारनं उपाशी ठेवलंय तिला. हिवाळ्यात हाडं गारठून मरणार बिचारी. तू तुझ्या ट्रॅक्टरला असं ठेवशील का?"

"कधीच नाही."

"बघ. आणि इथं एवढे पुरुष, पण एकाला दया येत नाही. कुणीतरी तिच्या पोटात काहीतरी घाला रे."

"आयनारला कळत असेल ना?"

"आयनारला? त्याला स्वतःच्या घरचा स्टोव्ह पेटवता येत नाही."

मी हसले. तो हसला नाही. ह्या गावातल्या पुरुषांना देवानं हसायचं यंत्रच बसवलेलं नाही. मग मी ते विसरले आणि त्याला त्याच्या टोपीवरून चिडवलं.

१४ नोव्हेंबर

व्हर्नर आला तेव्हा त्याच्या बाहीला कोपरापर्यंत हिरवे डाग. मी म्हटलं, "काय रे, ईस्टरची अंडी आत्तापासूनच रंगवतोस?"

तो लाल झाला. जाताना दारात थांबून हळूच म्हणाला, "ती आता ठीक आहे. काळजी करू नकोस."

"कोण?"

"कुणी नाही."

त्याची एक डुकरीण आजारी होती, तिच्याबद्दल म्हणाला असणार. मला कशाला डुकरिणीची काळजी? पण माणूस आपणहून दोन वाक्यं बोलला, ही कॅलेंडरवर लिहायची गोष्ट.

२० डिसेंबर

लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी शेडमध्ये जाऊन ड्रायव्हरच्या खुर्चीत बसते आणि बटाटे सोलते. गोधडी घेते पायांवर. लुडविगनं विचारलं, घरात खुर्च्या नाहीत का? आहेत. पण तिथं उजेड चांगला येतो. खुर्चीचा डावा हात झिजलेला आहे, तिथं कोपर बरोबर बसतं.

१७ जानेवारी

इतकी थंडी की कुंपणाच्या तारा वाजतात. कॉफीचं भांडं परत आणायला शेडमध्ये गेले तर आतून फट्ट असा आवाज आला, फळी मोडल्यासारखा. पत्रा आकसला असेल. मी थांबले नाही.

९ फेब्रुवारी

गावसभा झाली. धान्याच्या सोसायटीला आमची शेड हवीय, मका साठवायला. आणि मिनेसोटाच्या मोठ्या रेल्वे संग्रहालयातून प्रुइट नावाचे गृहस्थ आले होते, गळ्याला टाय. म्हणाले, "आमच्याकडे अशी इंजिनं रांगेनं उभी आहेत. हिची उत्तम काळजी घेऊ. रंगवू, पाटी लावू."

आयनारनं विचारलं, "चालवाल?"

"छे हो. आता कोण चालवतं? आतलं सगळं काढून ठेवतो आम्ही. मग टिकतं."

"पेंढा भरणार म्हणा की," मी म्हटलं. अख्खी सभा हसली. प्रुइटही हसले, मोकळेपणानं. माणूस वाईट नाही.

डाग्नी होल्म गावची मेयर. माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली पोर, पण आता चष्मा लावते आणि टेबलावर हातोडी आपटते. तिनं निकाल दिला. मेच्या मध्यापर्यंत एकशेचौदानं आपल्या जोरावर दोन्ही डबे ओढून जुन्या स्टेशनापर्यंत नेऊन दाखवले, तर शेड आमची. नाहीतर शेडमध्ये मका आणि इंजिन मिनेसोटाला.

"ऑक्टोबरात चालली की ती," आयनार म्हणाला. "मेमध्ये पण चालेल." मी त्याला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

गेली तर गेली, मला काय. सकाळी तेवढा वेळ मोकळा मिळेल.

२२ मार्च

बर्फ वितळलं. आयनार पाणी भरायला गेला तर शेडच्या फरशीवर हिरवं डबकं. त्यानं बोट बुडवून वास घेतला. गोड. मी तिथंच होते. त्याचा चेहरा बघितला आणि मी फडकं आणून दिलं.

एकशेचौदाच्या लांब अंगात दोन इंजिनं आहेत, एकामागं एक, दोघांचं पाणी वेगवेगळं. पुढच्यात कुणीतरी ते औषध ओतलं, आणि पुरेसं नव्हतं म्हणून वरून नळाचं पाणी भरलं. पातळ झालं. जानेवारीत गोठलं आणि पंप फुटला, सिलिंडरं तडकली. मागच्याला कुणी हात लावलेला नाही. ज्यानं केलं त्याला दोन इंजिनं असतात हेच माहीत नव्हतं.

"पुढचं मेलं," आयनार म्हणाला. "आणि मागच्यातलं पाणी खरंच सगळं निघालं होतं की नाही, ते आता देवालाच माहीत."

लुडविग म्हणाला, "कुणीतरी वैरानं केलंय. सोसायटीवाल्यांनी."

"वैरानं कुणी एवढं औषध वाया घालवतं का?" आयनार म्हणाला. "हे दयेचं काम आहे. मूर्खाच्या दयेचं."

मी गावभर विचारून पाहिलं. आजकाल असल्या नको त्या गोष्टी लोकांच्या डोक्यात कोण भरवतं, कळत नाही.

३० मार्च

व्हर्नर आला नाही. मागच्या आठवड्यातही आला नव्हता. निरोप पाठवला तर म्हणे पेरणीची तयारी. मार्चमध्ये? बहुतेक टोपीवरून मी जास्तच बोलले. मला वाटलं होतं त्याला चालतं.

एबलस्किव्हर उरतात हल्ली. मांजरीला घातले. तिनं वास घेऊन सोडले.

६ एप्रिल

माझा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. चर्चमध्ये नवीन पाद्र्याला विचारलं, "तुम्ही तर नाही ना बाप्तिस्मा दिला आमच्या इंजिनाला?" ते गोंधळले. लुडविगला म्हटलं, "खाई त्याला खवखवे, तुझा घसा कसा आहे?" तो दोन दिवस फुगून बसला.

आयनार मागच्या इंजिनाखाली पडलेला असतो. एका इंजिनावर निम्मीच चाकं ओढतात, निम्मी नुसती बरोबर येतात. मी म्हटलं, आमच्या लग्नात पण तसंच होतं. "कोण ओढत होतं?" त्यानं विचारलं. चेष्टा होती ती! आयनारची! 

१३ एप्रिल

व्हर्नर आला. चार दिवस झाले त्याला. टोपी नवीन. मी टोपीबद्दल अवाक्षर काढलं नाही, जीभ चावून बसले. तो सरळ आयनारकडे गेला, म्हणाला, "मला काम दे. घाण असेल ते."

आयनारनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चिंध्यांची बादली दिली.

तेव्हापासून रोज येतो. पेरणीच्या दिवसांत! सकाळी डुकरं, दुपारी शेत, मधे इंजिन. खातही नाही धड. मी म्हटलं, "कुणाच्या प्रेमात पडलायस का त्या इंजिनातल्या?" तर चिंधी हातातून पडली.

म्हातारपणी माणसं अशी विचित्र होतात.

१० मे

आयनारनं मला वर बोलावलं. "उद्याच्या परीक्षेला वर कोण बसणार, ह्यावर बोलायचंय. चालवीन मी, पण शेजारी कुणीतरी हवं. आक्सेलच्या वतीनं."

"मी कॉफी करते," म्हटलं.

"कॉफी थर्मासात भर."

मी हो म्हटलं. कटकट नको म्हणून.

११ मे

डाग्नी आली, सभेचे दोघं आले, प्रुइट मिनेसोटाहून गाडी हाकत आले. गावातली बरीच माणसं कुंपणाशी.

सुरू करायच्या आधी एक सोपस्कार असतो. सिलिंडरांची बारीक तोंडं उघडी ठेवायची आणि इंजिन नुसतंच फिरवून बघायचं. आत पाणी साचलेलं असलं तर त्या तोंडांतून उडतं. न बघता तसंच सुरू केलं तर आतले दांडे वाकतात आणि खेळ खलास. व्हर्नर खोक्याचा पुठ्ठा धरून तोंडांसमोर उभा राहिला. आयनारनं फिरवलं. फुस्स, फुस्स, फुस्स. व्हर्नरनं पुठ्ठा उलटा करून दाखवला. काजळी होती. पाणी नव्हतं.

प्रुइट पुढं झाले आणि त्यांनी पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं. "कोरडं," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना आनंदच झाला.

मग सुरू झाली. हादरली, खोकली, धूर, आणि मग तो एका लयीतला आवाज. तो मी कित्येक वर्षं ऐकला नव्हता. माझे बूट कंप पावत होते. आयनारनं दांडा ओढला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग खिडकीतला खांब मागं जायला लागला.

दोन डबे घेऊन गेली. चढावर रांगत गेली, शेजारून कुत्रं चालत होतं ते पुढं निघून गेलं. पण गेली. स्टेशनाशी थांबलो तेव्हा आयनार रडत होता. मी त्याला कॉफी दिली. धुरानं माझेही डोळे चुरचुरत होते.

खाली डाग्नी कागद घेऊन उभी. मला वाटलं, झालं. तर म्हणाली, "एक गोष्ट. पुढचं इंजिन कुणी घालवलं?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"मला गोंधळ नकोय. पण ज्यानं एकदा केलं तो पुन्हा करेल. गावाची शेड मी असल्या हातांत देऊ शकत नाही. एक नाव सांगा. त्या माणसानं पुन्हा इंजिनावर पाय ठेवायचा नाही, एवढंच. नाव नसेल तर मी सही करणार नाही."

आयनार बुटांकडे बघत होता. लुडविगला ऐकूच आलं नव्हतं. आणि व्हर्नरनं टोपी काढली. त्याचा चेहरा बघितला आणि मला सगळं कळलं. ती बाही. ती डुकरीण. त्यानं तोंड उघडलं.

"मी," मी म्हटलं.

डाग्नी वळली. "थोरामावशी? तुम्ही?"

"मग काय. थंडी होती. मला वाटलं, बिचारीला ऊब मिळेल. मला काय कळतंय इंजिनातलं? मी गावच्या शाळेत शिकलेली बाई."

"औषधाचे एवढे डबे तुम्ही उचललेत?"

"मी डुकराचं अख्खं मागचं तंगडं उचलते नाताळला. तुझ्या आईला विचार."

लोक हसायला लागले. हसू फुटलं की माणसं हिशेब करत नाहीत. प्रुइटही हसले. डाग्नीनं चष्मा काढून डोळे पुसले. "मावशी, मावशी! म्हणजे आता तुम्हाला वर चढता येणार नाही. कळतंय ना?"

"चढून करायचंय काय मला," मी म्हटलं. "कर सही."

तिनं सही केली. व्हर्नर टोपी हातात धरून तसाच. आयनारनं फक्त माझ्या मनगटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि थर्मास माझ्या हातातून घेतला, जड असल्यासारखा.

१३ मे

आता कॉफी शेडच्या दाराबाहेर देते. टेबल मांडलंय. लुडविगनं नियमाप्रमाणे फरशीवर पिवळी रेघ मारली, माझ्यासाठी. लोण्यासारखी पिवळी. तो माझ्याशी बोलत नाही. आयनार बोलतो, पण "प्लीज" म्हणायला लागलाय, ते जास्त वाईट.

सकाळी गेले होते. रेघेपाशी उभी राहिले थोडा वेळ. मग आले.

१६ मे

व्हर्नर घरी आला. शेडवर नाही, घरी. अंघोळ करून, केस बसवून. मी म्हटलं, "कोण वारलं?"

"मी डाग्नीकडे चाललोय. खरं सांगायला."

"बस खाली."

"तुझी खुर्ची गेली, थोरा."

"माझी कुठली? बटाटे काय, कुठंही सोलता येतात. आणि तू सांगून बघ. अख्ख्या गावानं मला मूर्ख म्हणून पोटभर हसून घेतलंय, आता ते सोडतील का? डाग्नी म्हणेल, हा म्हातारा बाईमाणसाला वाचवायला आलाय. दोघांचंही हसं होईल. शिवाय कागद रद्द झाला तर आयनार मरेल."

तो बसला. मी तवा ठेवला.  गोळे फिरवता फिरवता म्हटलं, "आणि खोटं बोलल्याचं काय वाईट वाटून घेतोस? जन्मभर थापा मारत आले. त्यात ही एक."

व्हर्नरनं कपात साखर घातली, ढवळली, चमचा बशीत ठेवला. माझ्याकडे बघून, अगदी हळू, म्हणाला, "तशी ती अगदीच थाप नव्हती, थोरा."

"म्हणजे?"

"काही नाही. खातो मी."

आणि हसला. व्हर्नर! चक्क माझी फिरकी घेत होता. ह्या माणसाला चेष्टा करता येते, हे मला आज समजलं. उद्या पुन्हा येतो म्हणाला. ये म्हटलं.